आईचा गुडघा: पार्शल करायचा, तोही रोबोटने?

प्रश्न – मृण्मयी
आई ६४ वर्षांची आहे. उजवा गुडघा आतल्या बाजूने एवढा दुखतो की जिना उतरताना कठडा धरून प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवते. व्यायाम, वजन कमी करणं, इंजेक्शनं सगळं झालं. सर्जन म्हणतात, झीज गुडघ्याच्या एकाच कप्प्यात आहे, रोबोटच्या मदतीने पार्शल करू, म्हणजे अख्खा गुडघा न बदलता फक्त झिजलेला भाग बदलू. भावाचं म्हणणं, बदलायचाच तर एकदाच अख्खा बदला. आईने तर 'यंत्र मला कापणार' असं मनात घेतलंय. रोबोटने खरंच फरक पडतो का?

उत्तर – वामनकाका
माझं हेच ऑपरेशन झालंय, आतल्याच बाजूचं. आईंना सांगा, हत्यार सर्जनच्याच हातात असतं. माझा आधी सीटी स्कॅन काढला, त्यावरून संगणकात गुडघ्याचं त्रिमितीय चित्र केलं आणि हाड कुठवर घासायचं ते ठरवलं. ठरलेल्या हद्दीबाहेर हात जायला लागला की रोबोटचा हात अडवतो. व्रणाखेरीज नडगीवर बारीक खुणा आहेत, तिथे रोबोटला हाडाची जागा कळावी म्हणून खुणेच्या पिना बसवल्या होत्या. वॉकर घेऊन त्याच दिवशी उभा राहिलो. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा मात्र अजून आहे आणि गुडघ्यावर टेकून बसणं नको वाटतं. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

उत्तर – सुनीता, फिजिओथेरपिस्ट
ताई, रोबोटचं नंतर बघू. आईंचा गुडघा पार्शलच्या लायक आहे का, हे आधी पक्कं करा.

दुखतंय कुठे, हे त्यांना दाखवायला सांगा. आतल्या बाजूला एका बोटाने नेमकी जागा दाखवली तर चांगली खूण. अख्ख्या गुडघ्यावरून तळवा फिरवला तर सर्जनशी पुन्हा बोला. नुसत्या या खुणेवर निर्णय होत नाही. एक्स-रे उभं राहून काढलेला हवा, झोपून काढला तर फट उगाच मोठी दिसते. त्यात आतल्या बाजूला हाडाला हाड टेकलेलं दिसायला हवं. कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं मऊ आवरण) अर्धवटच झिजली असताना पार्शल केलेले पेशंट दुखणं घेऊन परत येतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. बाहेरचा कप्पा शाबूत हवा, समोरचं क्रुशिएट लिगामेंट (गुडघा आतून स्थिर धरणारा बंध) काम करत असायला हवं आणि संधिवात आमवाताचा नसावा.

भावाच्या म्हणण्यात तथ्य आहे. इंग्लंड-वेल्स आणि ऑस्ट्रेलियातल्या सांधेरोपणाच्या राष्ट्रीय नोंदी पाहिल्या तर पार्शल पुन्हा उघडून बदलण्याचं प्रमाण टोटलपेक्षा, म्हणजे अख्खा गुडघा बदलण्यापेक्षा, जास्त आहे. पण जंतुसंसर्ग, रक्ताच्या गुठळ्या असे गंभीर धोके पार्शलमध्ये कमी, आणि स्वतःचं लिगामेंट राहिल्याने चाल जास्त नैसर्गिक वाटते. २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये ब्रिटनमधली टॉपकॅट चाचणी आली. ५२८ पेशंट होते, काहींचं पार्शल तर काहींचं टोटल. पाच वर्षांनी गुडघ्याचं दुखणं आणि वापर मोजणाऱ्या गुणांकात दोन्ही गट जवळपास सारखे निघाले. म्हणजे योग्य पेशंटसाठी पार्शल हा कमी दर्जाचा पर्याय नाही.

आता रोबोट. इम्प्लांट (बसवायचा कृत्रिम भाग) ठरवलेल्या कोनात बसवण्यात तो हाताने केलेल्या कामापेक्षा अचूक, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. पण काही वर्षांनंतर पेशंटचं दुखणं त्यामुळे कमी राहतं, हे तितक्या ठामपणे सिद्ध झालेलं नाही. पिनांच्या जागी हाड मोडण्याचा धोकाही आहे, अगदी क्वचित. त्यामुळे सर्जनना बेधडक विचारा: तुमच्या एकूण गुडघ्यांत पार्शल किती? जे एखाददुसरंच करतात त्यांचे निकाल कच्चे असतात आणि रोबोट ती उणीव भरून काढत नाही. पार्शल नियमित करणारा सर्जन रोबोटशिवाय म्हणत असेल तरी मी माझ्या आईला त्याच्याकडेच नेईन.

मृण्मयी
मनापासून आभार. एक्स-रे झोपूनच काढला होता! आईने बोट मात्र नेमकं एकाच जागी ठेवलं. ऑपरेशन ठरेपर्यंत तिने काय करायचं?

सुनीता, फिजिओथेरपिस्ट
उभ्याने पुन्हा काढून घ्या. आणि मांडीचे व्यायाम सोडू नका: टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा, पाच आकडे मोजून सोडायचा. गुडघा पूर्ण सरळ होतो का तेही बघा. बराच वाकलेलाच राहत असेल तर पार्शल सहसा करत नाहीत, म्हणून सर्जनना ते आधीच सांगा.