मदत हवी आहे: क्रँकवरचं काळं ॲनोडायझिंग घरी काढायचंय, निम्मा प्रताप करून झालाय

मंडळी,
मामेभावाच्या गच्चीवर वर्षानुवर्षं पडून असलेली नव्वदच्या दशकातली एक एमटीबी (माउंटन बाइक, डोंगरी सायकल) उचलून आणली आहे. फ्रेम ठणठणीत, पण क्रँकची (पेडल लावायच्या दोन दांड्यांची) पार रया गेलीय. मुळात काळे होते. उन्हाची बाजू जांभळट-तपकिरी झालीय आणि बुटाची कड घासून घासून मधोमध पांढुरका पट्टा पडलाय. नवे घ्या असं कृपया सांगू नका. मला हेच चंदेरी करून हवेत.

आधी पॉलिश पेपर घेतला, ४०० नंबरचा. दीड तास घासल्यावर पोस्टाच्या तिकिटाएवढी जागा उघडी पडली. मग कळलं की ॲनोडायझिंगचा हा थर म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, आणि बऱ्याच पेपरवरची खरही त्याचीच असते. म्हणजे दगडाने दगड घासत बसलो होतो.

मग हार्डवेअरमधून कॉस्टिक सोडा आणला. थेट क्रँकवर हात टाकायची हिंमत नव्हती, म्हणून हेडसेटचे दोन काळे स्पेसर (हँडलखालच्या कड्या) बळी दिले. प्लास्टिकच्या मगात गिझरचं पाणी, त्यात अंदाजपंचे सोडा. थोडा वेळ काहीच नाही, मग बारीक बुडबुडे, मग सोड्याची बाटली हलवून उघडल्यासारखा फेस. पहिला स्पेसर चार मिनिटांत काढला. निघाला तो आणखीच काळा! बोट लावलं तर काजळी. दुसरा मगात असतानाच ऑफिसचा फोन आला. पाऊण तासाने पाहतो तर कडा बोथट, अंगभर खळगे, आणि प्लास्टिकचा मग बाहेरून गरम लागत होता.

आता प्रश्न असा की क्रँकच्या चौकोनी भोकाचं आणि पुलरच्या (क्रँक खेचून काढायच्या अवजाराच्या) आट्यांचं काय करू? तिथे असे खळगे पडले तर क्रँक भंगारात. आणि ती काजळी म्हणजे अर्धवट राहिलेलं ॲनोडायझिंग की आणखी काही?

कल्हईवाला:
भोसरीत प्लेटिंगच्या शॉपमध्ये पंधरा वर्षं काढली आहेत, म्हणून सांगतो. गरम पाणी ही पहिली चूक. सोडा विरघळतानाच पाणी तापतं, धातू खाताना आणखी तापतं, आणि जितकं गरम तितकं वेगाने खातं. रंगीत कामाचा थर साधारण ५ ते २५ मायक्रॉनचा. तो संपला की कॉस्टिक थांबत नाही, खालचं ॲल्युमिनियम त्याला जास्तच आवडतं. जोराचा फेस आला म्हणजे नागडा धातू लागला. तिथेच बाहेर काढायचं.

काजळी म्हणजे ॲनोडायझिंग नव्हे. मिश्रधातूतलं तांबं, सिलिकॉन वगैरे कॉस्टिकमध्ये विरघळत नाही, ते वर बसतं. आम्ही शॉपमध्ये नायट्रिक ॲसिडमध्ये बुडवायचो. तुम्ही घरी नायट्रिक आणू नका. हिरवी घासणी आणि भांड्यांचा साबण, हात दुखेपर्यंत.

क्रँक बुडवूच नका. लिटरभर गार पाण्यात ५० ग्रॅम सोडा, नायलॉनच्या जुन्या ब्रशने लावा, मिनिट-दोन मिनिटांत धुवा, पुन्हा लावा. पुलरचे आटे २२ मिलिमीटरचे आणि फार बारीक असतात. ते गेले तर क्रँक बसेल, पण पुढच्या वेळी निघणार नाही. चौकोनी भोक, ते आटे आणि पेडलचे आटे व्हॅसलिनने भरून वर रबरी बूच ठोका. ग्रीस नको, बहुतेक ग्रीस साबणानेच घट्ट केलेलं असतं, सोड्याच्या पाण्यात टिकेलच असं नाही.

सोडा पाण्यात टाका, पाणी सोड्यावर कधीच नाही. काम उघड्यावर, कारण ते बुडबुडे हायड्रोजनचे आहेत. ॲल्युमिनियमचं पातेलं वापरू नका (लोक वापरतात!). हातमोजे आणि डोळ्यांना बंद गॉगल हवाच. डोळ्यात उडालं तर व्हिनेगर शोधत बसायचं नाही, नळाखाली वीस मिनिटं आणि थेट डॉक्टर.

चौथा गिअर:
त्यापेक्षा काळा स्प्रे मारा, सातशे रुपयांचा गॉगल वाचेल.

समुद्राकाठचा:
क्रँक ठीक आहे, पण याच उत्साहात हँडलबार करू नका. त्याची भिंत पातळ असते. सस्पेन्शनच्या नळ्यांना तर हातही लावू नका, तिथला थर शोभेचा नसून झीज सोसण्यासाठी असतो.

क्रँक उघडा झाला की पेडलच्या भोकाभोवती नख फिरवून बघा. अडकलं तर चीर असू शकते, मग पॉलिशचा विषय संपला. घासताना लांबीच्या दिशेने, ६००, १०००, २००० असं ओल्याने जा, शेवटी मेटल पॉलिश. मी रत्नागिरीत राहतो. इथे उघड्या ॲल्युमिनियमवर एका पावसाळ्यात पांढरे डाग येतात. गाडीचं वॅक्स महिन्यातून एकदा लावतो.

धागाकर्ता:
सर्वांचे आभार. काल गॅलरीत डावा क्रँक केला. पाच वेळा ब्रश, पाच वेळा पाणी. पुलर अजून मुकाट्याने आत जातोय. घासणीने काजळी गेली, ६०० पर्यंत आलोय, आणि नख कुठे अडकलं नाही. बायको म्हणाली, "स्टीलचा चमचा बरा दिसतो यापेक्षा", पण २००० अजून बाकी आहे.

उजव्याला सुरुवातच होत नाहीये. चेनरिंगच्या (चेन फिरते त्या दातेरी चकतीच्या) पाच बोल्टपैकी तीन निघाले, दोन मागच्या नटासकट गरगर फिरतात. मागच्या नटाची खाच धरायला रुंद स्क्रूड्रायव्हर लावला, तो निसटतो. घरच्या घरी काही जुगाड आहे का?