बार्टचा एक मार्क: कमावलेला की ग्रेसचा?

शिवाजीपेठी:
'द सिम्पसन्स' या अमेरिकन कार्टून मालिकेतला 'बार्ट गेट्स ॲन एफ' (11 ऑक्टोबर 1990, दुसऱ्या सीझनचा पहिला भाग) शाळेवरचा सगळ्यात भारी भाग म्हणून सांगितला जातो. माझ्या मते तो शेवटी घसरतो.
ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी: बार्ट चौथीत. मानसतज्ज्ञ सांगतो की पोराला त्याच वर्गात बसवा. बार्ट हुशार मार्टिनशी सौदा करतो: तू मला शिकव, मी तुला पोरांत भाव मिळवून देतो. मार्टिनला टवाळकीची चटक लागते आणि अभ्यास राहतो बाजूला. परीक्षेच्या आदल्या रात्री बार्ट देवाकडे एक दिवस मागतो. सकाळी बर्फ, शाळा बंद. तो खरंच अभ्यास करतो आणि पडतात 59. रडता रडता म्हणतो, 1754 साली फोर्ट नेसेसिटी फ्रेंचांच्या हवाली करताना वॉशिंग्टनला काय वाटलं असेल ते आता कळलं. बाई खूश होऊन एक मार्क वाढवतात. 60, म्हणजे डी-मायनस, पास.
बेरीज झालेल्या पेपरात नंतर घातलेला मार्क तो ग्रेसच. आणि पुढच्या भागात पोरगं परत चौथीतच! मग एवढा जीव काढला कशाला?

खडूवाला:
ग्रेस नव्हे हो. आपल्याकडे आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात, तोंडीकाम हे रीतसर साधन आहे. सनावळी पाठ असणं वेगळं आणि ती स्वतःच्या हालतीला लावता येणं वेगळं. बार्टनं दुसरं केलं. चूक एवढीच की बाईंनी तोंडीचा मार्क लेखीत ढकलला. तपासणीत हे सापडलं तर हेडसर पेपर परत पाठवतील.
मला खुपतो तो बार्टचा बाप होमर. डी-मायनसचा पेपर फ्रिजवर लावून मोकळा. शाहू महाराजांनी 1917 ला सक्तीचं शिक्षण आणलं तेव्हा पोर शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला 1 रुपया दंड होता. भार मास्तरावर नव्हता, घरावर होता.

पेन्सिल_टोक:
"परत चौथीतच" याला कारण लेखकाचा आळस नाही, कारखाना आहे.
सेकंदाला 24 चौकटी (फ्रेम), एक चित्र दोन चौकटींना धरलं तरी 12 चित्रं. 22 मिनिटांचा हिशेब 15,840 वर जातो. प्रत्यक्षात कमी लागतात, कारण धड थांबवून ठेवतात आणि फक्त तोंड हलवतात. तेव्हा स्टोरीबोर्ड (दृश्यांची कच्ची चित्रं) आणि लेआउट (चौकटीतली मांडणी) अमेरिकेत, मधली चित्रं आणि रंगकाम दक्षिण कोरियात. तिथल्या हातांना एकच आधार, मॉडेल शीट: बार्टच्या डोक्यावर 9 टोकं, डोळे एवढे, तोंडाचे आकार ठरलेले. पोरगं दोन वर्षांनी वाढवलं की उंची बदलते, डोक्याचं प्रमाण बदलतं, कपडे बदलतात, सगळी शीट नवी. जुनी-नवी एकत्र झाली की एकाच दृश्यात दोन उंचीचे बार्ट, आणि ते कळतं रीळ परत आल्यावर.
त्यात आवाज नॅन्सी कार्टराइट या बाईंचा. खरा पोरगा असता तर आवाज फुटला असता आणि वाढवावंच लागलं असतं. शिवाय पुनःप्रक्षेपणात भाग कुठल्याही क्रमानं लागतात. आज सहावीत, उद्या चौथीत, असं कोण बघणार?

शिवाजीपेठी:
भावा, मग 'किंग ऑफ द हिल' या दुसऱ्या कार्टून मालिकेला कसं जमलं? 2025 च्या नव्या सीझनमध्ये त्यातला पोरगा बॉबी 21 वर्षांचा, डॅलसमध्ये शेफ. आवाज त्याच पामेला ॲडलॉनचा.

पेन्सिल_टोक:
मालिका बंद पडून पंधराएक वर्षं गेल्यावर जमलं. शीट तशीही नव्यानं करायची होती. चालत्या गाडीचं चाक बदलून दाखव.

रंकाळा_कट्टा:
आमच्या एकांकिकेच्या ग्रुपमध्ये हाच सांगाडा कोल्हापुरात बसवायची टूम निघाली आहे. बर्फाऐवजी पूर: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 43 फुटांवर, धोका पातळी, शाळा बंद. कसं?

खडूवाला:
दोन ठिकाणी फाटतं. एक, पूर जुलै-ऑगस्टात आणि वार्षिक परीक्षा एप्रिलात. ऑगस्टात फार तर घटक चाचणी, तिच्यात कुणी वर्गात राहत नाही, मग धाक कसला? दोन, चौथीत पोराला नापास करताच येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 16 मध्ये 2019 ला दुरुस्ती होऊन नापास करायची मुभा आली ती पाचवी आणि आठवीपुरती, आणि त्यातही निकालानंतर दोन महिन्यांत फेरपरीक्षा. तेव्हा पोरगं पाचवीत घ्या. वय 10, बार्टएवढंच.

शिवाजीपेठी:
तिसरं मी सांगतो. बर्फात पोरं खेळतात म्हणून बार्टला घरात बसणं जड जातं. पुरात लोकांना बाहेर काढून शाळेतच आणून ठेवतात. तिथं पोरगं "देव पावला" म्हणालं तर प्रेक्षक चप्पल काढेल.

रंकाळा_कट्टा:
मग वळीव. एप्रिलात दुपारी वारं सुटलं, गारा पडल्या, शाळेचे पत्रे उडाले, पेपर एक दिवस पुढे. अंगणात गारा वेचणारी पोरं आणि खिडकीत पुस्तक घेऊन हा. जोतिबाची चैत्र यात्राही त्याच सुमारास, तेव्हा गल्लीतनं सासनकाठी निघालेली. मोहाला कमी नाही.

खडूवाला:
हे बसतंय. फक्त पत्र्याचा एक खिळा ढिला आहे हे पहिल्याच प्रवेशात शिपायाच्या तोंडी येऊ दे, नाहीतर देवानं फुकट दिल्यासारखं दिसेल. आणि मार्क बाईंनी वाढवायचा नाही. फेरपरीक्षा आहेच, तिला बसवा.

शिवाजीपेठी:
म्हणजे 59 वरच पडदा! हेच मी पहिल्यापासून म्हणतोय.

पेन्सिल_टोक:
59 नव्हे, आपल्याकडे 34. पासाला 35 टक्के लागतात. पाटीवर आधी तेवढं दुरुस्त करा.