'24 सिटिंगमध्ये गादी आत गेली' म्हणे. अहो, ती जाणारच होती

कंबरतोड (धागालेखक):
काल इथे पोस्ट आली, 'ऑपरेशन टाळलं, 24 सिटिंगमध्ये स्लिप डिस्क बरी, मणक्यांमधली सरकलेली गादी आत गेली', सोबत डीकम्प्रेशन मशीनवर आडवं पडून अंगठा दाखवतानाचा फोटो. रात्रीपर्यंत तीन नातेवाइकांनी मलाच ती फॉरवर्ड केली, म्हणून लिहितोय.

मलाही एल-फाइव्ह एस-वनच, म्हणजे कमरेच्या शेवटच्या मणक्याखालची गादी. गेल्या वर्षी डाव्या कुल्ल्यापासून पायाच्या करंगळीपर्यंत अशी कळ जायची की शिंक आली तरी भिंत धरायचो. त्याच मशीनवर मीही झोपलोय, छातीला एक पट्टा, कमरेला एक पट्टा, कॉम्प्युटर जरा ताणणार जरा सोडणार, अर्धा तास मस्त डुलकी लागते. बाहेर आलं की बरं वाटायचं आणि रिक्षातून घरी पोचेपर्यंत पुन्हा येरे माझ्या मागल्या. नऊ सिटिंगनंतर सोडलं, 24 चे पैसे आगाऊ भरलेले ते बुडाले. त्यानंतर दोन महिन्यांनी कळ आपोआप गेली. आई म्हणते तिच्या सोमवारांमुळे. सगळ्या 24 केल्या असत्या तर आज मीही अंगठा दाखवत बसलो असतो.

बाहेर आलेली गादी शरीर स्वतःच हळूहळू खाऊन टाकतं. 2017 मध्ये बऱ्याच अभ्यासांची गोळाबेरीज झाली, ऑपरेशन न केलेल्यांपैकी साधारण 66 टक्क्यांची गादी आपोआप आक्रसली होती. आणि ट्रॅक्शनचं, म्हणजे या ताण देण्याचं म्हणाल तर कोक्रेन या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा 2013 चा आढावा बघा, 32 चाचण्या, 2762 पेशंट, निष्कर्ष काय तर फरक नाही किंवा अगदी किरकोळ. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ, बिल मात्र कावळा लावतो.

ठाणेकरीण:
ती पोस्ट माझी आहे. नाव घ्यायचं होतं की सरळ.
तीन महिने मी उभ्याने जेवलेय. टॉयलेटला बसताना रडायचे. हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआय दोन मिनिटं उजेडात धरला आणि म्हणाले, 'मंगळवारी स्लॉट आहे, करून टाकू'. दोन मिनिटं!! मशीनवाल्यांनी निदान पाऊण तास ऐकून घेतलं. सहाव्या सिटिंगनंतर मी स्टेशनपर्यंत चालत गेले. तुमच्या 2762 पेशंटमध्ये मी नव्हते. ज्याचं जळतं त्याला कळतं.

नाना_कऱ्हाड:
मूळ कारण कुणी बोलत नाही. फोमची गादी. आमच्या वेळी कापसाची गादी, दोन वर्षांनी पिंजारी यायचा, कापूस पिंजून पुन्हा भरायची. त्यातूनही कंबर धरली तर सरळ फळीवर झोपायचं. मी 30 वर्षं फळीवर झोपतोय, आजपर्यंत पट्टा लावला नाही.

फिजिओ_मीनल:
दोन्ही बाजूंनी माझंच डोकं उठलंय. आधी एक, 'मणक्यात गॅप पडलाय' म्हणणं बंद करा हो, पेशंट येऊन विचारतात गॅप कधी भरणार. अहो, गादी झिजली की मणक्यांमधली जागा कमी होते, वाढत नाही!
आता मशीन. 1994 चा जो पेपर सगळे दाखवतात त्यात मोजक्या पेशंटच्या डिस्कमध्ये सुई घालून दाब मोजला होता. ताण दिल्यावर दाब उतरला, हे खरं. पण त्यावरून पेशंट बरा होतो हे सिद्ध होत नाही, उठून उभं राहिलात की पुन्हा वजन आलंच. तरी ताईंना आराम पडला नसेल असं मी म्हणणार नाही, काहींना तात्पुरतं बरं वाटतं. आणि ऑपरेशनची घाई नको हेही खरं, 2007 मध्ये नेदरलँड्समध्ये 283 जणांवर अभ्यास झाला, लवकर ऑपरेशन केलेले लवकर सुटले पण वर्षभराने दोन्ही गट सारखेच. मात्र थांबलेल्यांपैकीही 39 टक्क्यांना शेवटी ऑपरेशन लागलंच, हे लोक सोयीस्कर विसरतात.

देशपांडे_नाशिक:
नाना, फळीचं राहू द्या. 2003 मध्ये स्पेनमध्ये कंबरदुखीच्या 313 जणांवर प्रयोग झालाय, मध्यम कडक गादीवाले कडक गादीवाल्यांपेक्षा बरे निघाले. तुमच्यासारख्यांचं ऐकून माझ्या वडिलांनी सहा महिने जमिनीवर काढले, कंबर तर गेलीच, वर खांदेही धरले.

नाना_कऱ्हाड:
स्पेनची माणसं दुपारीही झोपतात. त्यांना काय कळणार गादी.

बंड्या:
काथ्याची गादी कुणी वापरली का? आमच्याकडे दोन वर्षांत मधे खड्डा पडला.

नाना_कऱ्हाड:
काथ्या बसतोच. कापूस घ्या. पिंजारी आता मिळत नाहीत ही खरी अडचण.

देशपांडे_नाशिक:
अडचण फळीची चालली होती, तुम्ही कापसावर आलात. कबूल करा ना हरलो म्हणून.

एडिसनकर:
इकडे न्यू जर्सीत कायरोप्रॅक्टर (हाताने मणके बसवणारे) हेच टेबल पॅकेजमध्ये विकतात. मेडिकेअर, म्हणजे इथला म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा, त्याचे पैसे देत नाही. एवढं एकच सांगायचं होतं, चालू द्या गादी.

गणपुले:
गादी गादी काय चाललंय!! माझ्या मेहुण्याचं ऐका. तोही मशीनवर जायचा. दुसऱ्या आठवड्यात दुखणं कमी झालं म्हणून सगळे खूश, पेढे वाटले. तेव्हाच त्याच्या उजव्या पायातली चप्पल चालता चालता निसटायला लागली आणि त्याला कळायचंही नाही. तिथे सांगितलं तर म्हणे नस मोकळी होतेय. नस मरत होती! पंजा उचलेना तेव्हा आम्ही हलवलं, ऑपरेशन झालं, आज चार वर्षं झाली तरी जिना चढताना पाय अडखळतो. ताई, तुमचं नशीब चांगलं होतं, ते पोस्टमध्ये लिहा.

ठाणेकरीण:
नशीब काढू नका. मला पायात ताकद होती, लघवी नीट होत होती, दोन्ही विचारलं होतं त्यांनी पहिल्याच दिवशी.

फिजिओ_मीनल:
मग तुमचं क्लिनिक बरं म्हणायचं. पंजा पडणं, बैठकीच्या जागेला बधिरपणा, लघवी अडणं, यातलं काहीही झालं तर मशीनही नाही आणि फळीही नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल.

कंबरतोड:
बरं. ताईंनी वाट बघण्याचे 3 महिने आडवं पडून काढले, मी शिव्या देत काढले, एवढाच फरक. त्यांना तिथे कुणी ऐकून घेतलं याचे पैसे असतील तर ते मला मान्य. पोस्टमध्ये 'गादी आत गेली' ऐवजी 'बरं वाटलं' करा, मी धागा उडवतो.

ठाणेकरीण:
करते. पण नंतरचा एमआरआय मी काढलेलाच नाही, त्यामुळे आत गेली की नाही हे तुम्हालाही माहीत नाही!
आणि तुमच्या 15 सिटिंग उरल्यात ना, दुसऱ्याच्या नावावर करून देतात का विचारा जरा. माझ्या जावेची कंबर धरलीये.