एटीव्हीचा बेल्ट किती टाईट पाहिजे? गिअर टाकला की गाडी आपोआप सरकून राहिली

वरुडचा संत्रावाला
राम राम मंडळी. माझ्याजवळ सेकंडहँड एटीव्ही (शेतात चालणारी चार चाकांची छोटी गाडी) आहे, जुनं मॉडेल, बेल्टवाली ऑटोमॅटिक. बगीच्यात फवारणीची २०० लिटरची टाकी ओढाले वापरतो. महिन्याभरापासून उठताना झटके मारे अन् बेल्टचा धपधप आवाज ये, तं गावातल्या मिस्त्रीनं सांगितलं बेल्ट ढिला झाला, थ्रेशरसारखा ताणून देतो, अन् मागच्या पुलीतल्या दोन वायसर (वॉशर) काढल्या. झटका काही पूर्ण गेला नाही, वरून आता गिअर टाकताना कर्रर्र होते, स्लोवर (रेस न देता) ब्रेक सोडला की गाडी सरकते अन् रबर जळल्याचा वास येते. ताण मोजाची काही पद्धत आहे का? संत्र्याच्या आंबिया बहाराची फवारणी अडली आहे.

काटोल गॅरेज
भाऊ, थ्रेशरचा हिशोब इथं लावू नका. तिथं इंजिन मागं सरकवून पट्टा ताणता येते, इथं दोन पुलीमधलं अंतर फिक्स आहे. मागच्या पुलीचे दोन गाल किती जवळ येतात त्यावर सगळं आहे, वायसर काढली की गाल जवळ येतात, बेल्ट वर चढतो अन् टाईट होतो. स्लोवर समोरच्या पुलीनं बेल्टले मोकळा सोडला पाहिजे, जास्त टाईट असन तं ती सोडतच नाही, घासत राहते, म्हणून तुमची गाडी सरकून राहिली. अन् सगळ्या वायसर काढू नका, एक तरी आत राहिलीच पाहिजे.

मोजाचं असं: इंजिन बंद अन् थंड, गाडी न्यूट्रलमध्ये. कव्हर काढा, मागची पुली हातानं फिरवून बेल्ट पूर्ण वर येऊ द्या. दोन्ही पुलीवर बेल्टच्या पाठीवर स्टीलची सरळ पट्टी ठेवा, मधोमध बेल्ट जोर लावून खाली दाबा अन् पट्टीपासून किती खाली गेला ते फूटपट्टीनं पाहा. जुन्या पोलारिस कंपनीच्या एटीव्हीले साधारण २९ ते ३२ मिमी लागते. इंजिन ब्रेकिंगवाल्या (रेस सोडली की इंजिनच गाडी रोखते अशा) मॉडेलची पद्धत वेगळी आहे, ते मॅन्युअलमध्ये पाहूनच करा.

वरुडचा संत्रावाला
माझी जुनी पोलारिसच आहे, इंजिन ब्रेकिंग नाही. आत्ताच मोजलं भाऊ, फक्त १७ मिमी! अन् एक गोष्ट दिसली, बेल्ट फिरवता फिरवता एका जागी चार बोटं लांबीचा भाग दोन्ही बाजूनं आत गेलेला आहे, मधात चेपल्यासारखा, अन् तिथं रबर काचेसारखं चमकते.

मोर्शीचा शेतकरी
बस, झटक्याचं मूळ तेच. तो चेपका भाग पुलीत आला की दर फेऱ्याले धप्प होते, बेल्ट ढिला नव्हताच. चाक फसलं अन् बेल्ट एकाच जागी घसरत राहिला की असं होते. माझाही असाच गेला होता, काळ्या मातीत टाकी भरून हाय गिअरमध्ये चालवत होतो. टाकी ओढताना, माणसाच्या चालीनं चालवताना लो म्हणजे लो, फसली तं रेस देत बसू नका, पहिले टाकी सोडा.

काटोल गॅरेज
बरोबर. हा बेल्ट गेला, आता ताण देऊन काही फायदा नाही. दोन्ही वायसर जागेवर टाका, पुलीचे गाल ब्रेक क्लीनरनं पुसा, ग्रीस-ऑईलचं बोटही लावू नका. बेल्टवरची अक्षरं सरळ वाचता येतील अशी बसवा अन् मग परत मोजा. नवा बेल्ट पहिले ५० किमी हळूच चालवा, लगेच भरली टाकी जोडू नका.

वरुडचा संत्रावाला
अमरावतीहून बेल्ट आणला, दोन्ही वायसर टाकल्या, ३० मिमी आलं. गिअर आवाज न करता पडते, स्लोवर जागची हालत नाही. तीन दिवस रिकामीच फिरवतो अन् मग टाकी लावतो, तोवर पाठीवरच्या पंपानं सुरुवात केली आहे. लय उपकार झाले भाऊ.