नॉयसिडलर दोन पट्ट्यांत लिहायचा म्हणे!

जाडी_खुंटी: कालच्या पोस्टमध्ये ठोकून दिलंय की ल्यूटवादक हान्स नॉयसिडलरचा 1544 चा ‘ज्यूंचा नाच’ म्हणजे सोळाव्या शतकातलं दुहेरी पट्टीचं, एकाच वेळी दोन पट्ट्यांत वाजणारं संगीत. (ल्यूट म्हणजे गिटारसारखं जुनं युरोपीय तंतुवाद्य.) अहो, दोन पट्ट्यांचा तो कर्कशपणा जुन्या संगीताच्या 1946 च्या हार्वर्ड संकलनातला आहे. ल्यूटच्या तारा वेगळ्या लावायची सूचना चुकीची वाचली गेली. जुन्या संगीताचे अभ्यासक मायकल मॉरो यांनी ती नीट लावून दाखवली, तर साधासरळ नाच निघाला. टॅब्लेचर, म्हणजे ल्यूटची लिपी, सूर सांगत नाही, बोट कुठे ठेवायचं ते सांगतं. एक तार चुकीची धरली की तिच्यावरचा प्रत्येक सूर सारख्याच अंतराने चुकतो. म्हणून तर चूक मुद्दाम केल्यासारखी वाटते!

सरळसूर: पोस्ट माझीच. पण सूचना मोघम असेल तर वाचणाऱ्याचा काय दोष?

जाडी_खुंटी: कान असतात की! साधा आब्त्सुग, म्हणजे तार उतरवणं, घ्या (ल्यूटच्या तारा बहुतेक जोडीने असतात): सहावी जोडी एक सूर खाली, जी ऐवजी एफ. खालच्या चार जोड्या मोकळ्या छेडा. एफ-सी-एफ-ए, स्वच्छ मेजर. उतरवायला विसरलात तर जी-सी-एफ-ए. शेवटच्या कॉर्डला असलं काही आलं तर आधी खुंटी बघा, मग क्रांती जाहीर करा.

पडदेवाला: दोघेही पियानोच्या सुरांत भांडताय. ल्यूटचे पडदे सतारीसारखे बांधलेले, सरकणारे. पाव-कॉमा मीनटोन या जुन्या सूर लावायच्या पद्धतीत पहिल्या पडद्यावर दुसऱ्या जोडीला ई-फ्लॅट हवा, म्हणजे 117 सेंट (पियानोच्या अर्ध्या सुराचे शंभर सेंट). चौथीला एफ-शार्प, 76 सेंट. पडदा एकच. 41 सेंटचं काय करता?

सरळसूर: पडद्यांसाठी तारेच्या लांबीचं 18:17 हे गुणोत्तर वाचलंय का? ल्यूटवादक विन्चेन्झो गालिलेईंनीच दिलंय. प्रत्येक पडदा 99 सेंट, वाद मिटला.

पडदेवाला: बारा वेळा करून बघा, सप्तकाला 1200 सेंट हवेत, 1187 येतात. सप्तक 13 सेंट तोकडं! तार दाबली की थोडी चढते म्हणून निभावतं, एवढंच. आणि एकाने नियम दिला म्हणून सगळे तसेच पडदे बांधत होते असं होत नाही. एफ-शार्पसाठी छोटा जादा पडदा, टास्टिनो, चिकटवतात तो कशाला? शोभेला?

जाडी_खुंटी: नाचाचं बोलत होतो हो आपण.

सरळसूर: नाच घ्या परत, तुम्हालाच लखलाभ. पडदे मात्र 18:17 चेच. आणि टास्टिनो ई-फ्लॅटच्या पडद्यापुढे, घोडीच्या बाजूला लावायचा ना?

पडदेवाला: 117 पेक्षा 76 कमी. खुंट्यांच्या बाजूला!