तुमच्या प्रदेशाचे हवामान तुमच्या आदर्श हवामानाशी जुळते का?

पाऊलवाट (धागाकर्ता):

माणूस ज्या प्रदेशात लहानाचा मोठा होतो, तिथले हवामान त्याला खरोखर मानवते की केवळ अंगवळणी पडते, हा प्रश्न बरेच दिवस माझ्या मनात घोळतो आहे. माझ्या आदर्श हवामानाची कल्पना साधी आहे. दिवसा २२ ते २६ अंश सेल्सिअस तापमान असावे, रात्री पांघरूण ओढून घ्यावेसे वाटेल इतका गारवा असावा, हवा कोरडी असावी पण ओठ फुटतील इतकी नसावी, आणि पाऊस ठरावीक काळात मनसोक्त पडून बाकीच्या वर्षात आकाश मोकळे राहावे. माझ्या प्रदेशाचे वार्षिक सरासरी तापमान पाहिले तर ते या अपेक्षेच्या अगदी जवळ आहे, तरीही वर्षातला मोठा काळ मी हवेला त्रासलेला असतो. आकडा जुळत असूनही समाधान का मिळत नाही? आपला प्रदेश आपल्याला योग्य आहे की नाही, हे तुम्ही कशावरून ठरवता?

दवबिंदू:

आपण वार्षिक सरासरीवर विसंबला आहात, आणि माझ्या मते अडचण तिथेच आहे. वार्षिक सरासरी कडक उन्हाळा आणि कडक हिवाळा एकत्र मिसळून एक सौम्य आकडा देते, पण त्या आकड्याचा दिवस प्रत्यक्षात क्वचितच उगवतो. लिस्बन आणि बीजिंग ही शहरे जवळपास एकाच अक्षांशावर आहेत. त्यांच्या वार्षिक सरासरी तापमानात चारेक अंशांचाच फरक आहे, मात्र जानेवारीत लिस्बनची सरासरी ११ अंशांच्या आसपास असते, तर बीजिंगची शून्याच्याही खाली जाते. एका शहराला महासागर सांभाळून घेतो आणि दुसऱ्यावर खंडाच्या आतून येणारे थंड, कोरडे वारे वाहतात. म्हणून किमान महिनावार सरासरी पाहावी, आणि त्यातही दिवसाचे कमाल व रात्रीचे किमान तापमान वेगवेगळे पाहावे.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते, ती म्हणजे हवेतली वाफ. बहुतेक लोक सापेक्ष आर्द्रतेची टक्केवारी पाहतात, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या वाफेपैकी प्रत्यक्षात किती टक्के आहे ते, पण ती तापमानाबरोबर बदलत असल्यामुळे दिशाभूल करते. पहाटे २० अंशांना ९० टक्के असलेली आर्द्रता, हवेतली वाफ तेवढीच राहूनही, दुपारी ३२ अंशांना ४५ टक्क्यांच्या आसपास उतरते. आकडा पाहणाऱ्याला वाटते की हवा कोरडी झाली, तर प्रत्यक्षात ती फक्त तापलेली असते. त्याऐवजी दवबिंदू पाहावा, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत थंड केली असता तिच्यातल्या वाफेचे पाणी होऊ लागते ते तापमान. दवबिंदू १५-१६ अंशांच्या खाली असेल तर बहुतेकांना हवा सुखद वाटते. २१ च्या वर गेला की चिकचिक सुरू होते. आणि २४ च्या पुढे घाम नुसता निथळत राहतो, वाळत नाही. शरीर थंड होते ते घाम वाळल्यामुळे. त्यामुळे ३० अंशांची दुपार दवबिंदू १६ असताना सावलीत सहज निभावते, आणि तीच ३० अंशांची दुपार दवबिंदू २४ असताना जीव नकोसा करते. दवबिंदू चढा असेल तर रात्रीचे तापमानही फारसे उतरत नाही, कारण वाफ जमिनीतून निघणारी उष्णता अडवून धरते. आपल्याला रात्री पांघरूण हवे आहे, म्हणजे आपल्याला प्रत्यक्षात कमी दवबिंदू हवा आहे.

पावसाचेही तसेच आहे. लंडनमध्ये वर्षाला सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि न्यूयॉर्कमध्ये त्याच्या जवळपास दुप्पट, तरी पावसाळी शहर म्हणून नाव लंडनचेच आहे, कारण तिथे मळभ आणि रिमझिम अधिक काळ टिकते. पाऊस किती पडतो यापेक्षा तो कसा पडतो, हे रोज जगणाऱ्याला जास्त जाणवते.

उत्तरायण:

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे. फक्त त्यात दिवसमानाची भर घालतो. सुमारे ६४ अंश उत्तर अक्षांशावरच्या, आइसलँडची राजधानी असलेल्या रेक्याविकमध्ये डिसेंबरच्या अखेरीस दिवस जेमतेम चार तासांचा असतो. ऋतूंनुसार येणाऱ्या औदासीन्याचे वैद्यकीय वर्णन नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये केले, आणि त्यावर प्रखर प्रकाशाचा उपचार आजही केला जातो. थंडीवर लोकरीचे कपडे हा उपाय आहे, अंधारावर तसा सोपा उपाय नाही.

सवयीची सावली:

सवयीचा मुद्दा मात्र मागे पडू नये, असे मला मनापासून वाटते. उष्ण हवेत रोज काही वेळ श्रम केले तर साधारण एक ते दोन आठवड्यांत शरीर बदलते: घाम लवकर सुटतो, अधिक सुटतो, आणि त्यातून जाणारे मीठ कमी होते. थंड प्रदेशात परतल्यावर काही आठवड्यांत हे सारे ओसरते. म्हणजे जन्मप्रदेशाच्या हवेने शरीराला कायमचे घडवलेले असते, ही समजूत निदान उष्णतेच्या बाबतीत खरी नाही.

आणि हवामान बदलल्याने माणूस सुखी होतो का? डेव्हिड श्केड आणि डॅनियल कानेमन यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील आणि कॅलिफोर्नियातील विद्यार्थ्यांना आयुष्याबद्दलचे समाधान विचारले होते. दोन्हीकडचे समाधान जवळजवळ सारखेच निघाले, पण दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांचा अंदाज होता की कॅलिफोर्नियातले लोक अधिक सुखी असतील. मला यातून हवामान बिनमहत्त्वाचे आहे असे वाटत नाही. दमेकऱ्याला किंवा उघड्यावर काम करणाऱ्याला हवा पदोपदी जाणवते. पण बसल्या जागी आदर्श प्रदेशाची कल्पना करताना आपण हवेला अवाजवी वजन देतो, एवढे नक्की.

पाऊलवाट (धागाकर्ता):

सर्वांचे आभार. महिनावार दवबिंदू तपासला, आणि मला त्रास होतो ते महिने नेमके २२ च्या वरचे निघाले. तापमानाला मी उगाचच दोष देत होतो. मग विषुववृत्तानजीकचा उंच प्रदेश आदर्श मानावा का?

दवबिंदू:

आपल्या अपेक्षांच्या तो जवळ जातो, यात शंका नाही. उंची १,००० मीटरने वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, आणि थंड हवेत वाफही कमी मावते. इक्वेडोरची राजधानी क्विटो विषुववृत्ताजवळ सुमारे २,८५० मीटर उंचीवर आहे. तिथल्या सर्वांत उबदार आणि सर्वांत थंड महिन्यांच्या सरासरीत फार तर एखाद्या अंशाचा फरक पडतो, आणि रात्री पांघरूण लागतेच. मात्र दुपारही बहुधा २० अंशांच्या आसपासच थांबते, म्हणजे आपल्या अपेक्षेहून थंड. शिवाय हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊण पटीपेक्षाही कमी असल्यामुळे नवख्या माणसाला दम लागतो, ऊन त्वचेला लवकर भाजते, आणि ऋतू येतात-जातात ते फक्त पावसाच्या रूपाने. आपल्याला २२ ते २६ अंश हवे असतील तर दीड हजार मीटरच्या आसपासची उंची पाहावी. तिथे दमही लागत नाही. फक्त तिथल्या पावसाळ्यातले दवबिंदूचे आकडे आधी तपासावेत, कारण दिवसेंदिवस न हटणारे धुके आपल्याला चालेल का, ते आपण अजून सांगितलेले नाही.