अमेरिकेतला घड्याळ-रेडिओ मागवण्याआधी

दादा, पुतण्या अमेरिकेतून घड्याळ-रेडिओ आणणार म्हणालात, त्याला आधी थांबवा. आपल्याकडं मिडियम वेव्हची स्टेशनं ९ किलोहर्ट्‌झच्या टप्प्यानं असतात, तिकडं १० च्या. आकाशवाणी परभणी १३०५ वर लागतं. तिकडचा डिजिटल सेट १३०० वरून थेट १३१० वर जातो. टप्पा बदलायची सोय असेल तरच घ्या. शिवाय विजेच्या ६० हर्ट्‌झवर वेळ मोजणारं घड्याळ इथल्या ५० वर तासाला १० मिनिटं मागं पडतं, ट्रान्सफॉर्मर लावला तरी.

सेलची जागा मात्र हवीच. रात्री लाइट गेली की बिनसेलाचं घड्याळ १२:०० वर लुकलुकत बसतं अन् पहाटेचा गजर बुडतो. आकडे लाल अन् मंद करता येणारे बघा, निळे डोळ्यावर येतात.